तळ दिसेना झाला की

"मॅडम, स्विमिंग पूलमध्ये मी किलोमीटरभर आरामात पोहतो. तलावात काठापासून जरा आत गेलो की छाती आवळते, श्वास पुरत नाही. माझं मनच कच्चं आहे का? नाव काढून घेऊ का?"

पहिल्या ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीची, तयारी करणारे बरेच जण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बहुतेक चाळिशीतले, पोहणं उशिरा शिकलेले. त्यांतल्या एकांचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

गृहस्थ परळचे, नोकरी बीकेसीत. मुंबई मॅरेथॉनची हाफ केलेली. लॉकडाऊननंतर सायकल घेतली, रविवारी पहाटे ठाण्यापर्यंत जायचं, वडापाव खाऊन परत यायचं. पोहणं शिकले शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावात, तेही चाळिशी उलटल्यावर. नाव नोंदवलं होतं स्प्रिंट ट्रायथलॉनला, म्हणजे ७५० मीटर पोहणं, लगेच २० किलोमीटर सायकल आणि मग ५ किलोमीटर धावणं. यातलं प्रत्येक अंतर ते सुटंसुटं आधीच करत होते. मग ग्रुपबरोबर लोणावळ्याच्या पुढे एका तलावावर सरावाला गेले. पाणी हिरवट, खाली काही दिसेना. त्यांचे हातपाय गळाले. सोबतच्या मित्राने फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा आधार, धरायला देऊन काठावर आणलं.

त्यानंतर त्यांनी तयारी दुप्पट केली. सायकल वाढवली, धावणं वाढवलं. तलावावर मात्र पुन्हा गेले नाहीत. कधी ऑडिट, कधी मुलाची परीक्षा, कधी खांदा दुखतोय. त्यांची सरावाची डायरी समोर ठेवून मी हे दाखवलं तेव्हा ते जरा दुखावले. "मी टाळत नाहीये, वेळच मिळत नाही," म्हणाले. यात मुंबईचाही थोडा हात आहे म्हणा. विहार आणि तुळशीचं पाणी पिण्याचं, पवईत मगरी, पावसाळ्यात समुद्र बंद. खुल्या पाण्यात उतरायचं तर शहराबाहेर जावं लागतं, अख्खा रविवार मोडतो. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पण टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. सायकलवर कितीही घाम गाळला तरी पाण्याची भीती कमी होत नाही.

मनाच्या गोष्टी सुरू करण्याआधी मी त्यांना हृदयविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात. छातीत आवळतंय म्हणणाऱ्या माणसाला "सगळं मनाचं आहे" असं सांगून मोकळं होणारा समुपदेशक मला पटत नाही. तपासण्या ठीक आल्या, मगच पुढे गेलो.

तलावातला प्रसंग सांगताना त्यांनी श्वास धरून ठेवला होता. खांदे वर, ओठ घट्ट. स्वतःला पत्ताच नाही. मी पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ पुढे ठेवली आणि हळूहळू बुडबुडे काढायला सांगितलं. "हे बालवाडीतलं काम," म्हणत हसले, पण काढले. एकसारखी बारीक रांग आली. मग म्हटलं, आता डोळे मिटा, तो हिरवा तलाव आठवा आणि तेच करा. बुडबुडे थांबले. मग एकदम भसकन आले, ग्लासातलं पाणी टेबलावर.

क्रॉलमध्ये, म्हणजे पालथं होऊन एकाआड एक हात मारत पोहताना, श्वास पाण्याखाली सोडायचा असतो. मान वळवायची ती फक्त घेण्यासाठी. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास धरून ठेवतो, मग मान वळल्यावर त्या निमिषभरात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. दोन्ही अर्धवट राहतात. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्याच्यामुळे येते. म्हणजे त्यांना वाटत होतं हवा कमी पडतेय, आणि खरं तर आतली हवा बाहेर जात नव्हती. हे कळल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला.

पुढचं काम त्यांच्या पोहण्याच्या सरांशी बोलून ठरवलं. आधी पूलमध्येच, खोल बाजूला, डोळे मिटून पाच-सहा हात मारायचे. मग गॉगलच्या काचांवर चिकटपट्टी लावून. मग एका लेनमध्ये तिघांनी मुद्दाम एकमेकांना घासत पोहायचं, कारण स्पर्धेच्या सुरुवातीला पाय लागतो, कोपर लागतं. त्यानंतर तलाव, तोही कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवून बुडबुडे काढण्यापासून. मग काठाच्या जवळून, त्याला समांतर पोहायचं, मग आत. फ्लोट कमरेला बांधलेला, सर सोबत. एकट्याने कधीच नाही. भीतीला दहापैकी आकडा द्यायचा आणि तो सर्वांत वर असताना बाहेर पळायचं नाही. तिथेच पाठीवर तरंगायचं, आकडा उतरू लागला की मगच बाहेर. भीती चढलेली असताना निघालं तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

एकदा पत्नीही आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. "अहो, एवढा त्रास होतोय तर नका ना जाऊ. कोणी जबरदस्ती केलीय?" प्रेमच होतं त्यात. पण मी त्यांना विनंती केली की जा किंवा जाऊ नका, यातलं काहीच म्हणू नका, फक्त परत आल्यावर आकडा काय होता ते विचारा. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की घरात चहाबरोबर "आज किती?" सुरू झालं.

नियमांमधल्या एका गोष्टीनेही त्यांना मोठा धीर आला. ट्रायथलॉनमध्ये क्रॉलच करायला हवा असं काही नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पोहलेलं चालतं. दम लागला तर थांबलेल्या कयाकला (मदतीसाठीची छोटी होडी) किंवा बोयाला (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) धरून विसावा घेता येतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना हे कोणी नीट सांगतच नाही, याचं मला नवल वाटतं. "धीर धर, पॉझिटिव्ह राहा" एवढं मात्र सगळे सांगतात.

स्पर्धेच्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे घोळक्याच्या मागे, कडेला उभे राहिले. सुरुवातीलाच आकडा आठवर गेला. कयाक धरली, बुडबुडे काढले, निघाले. पुढे पुन्हा एकदा धरली. पाण्यातून शेवटच्या काही जणांत बाहेर आले. सायकलपाशी हात इतके थरथरत होते की हेल्मेटचा पट्टा लागेना, आणि तो लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढता येत नाही. पण सायकलवर बसल्यावर गडी आपल्या मुलखात आला. धावताना तर कित्येकांना मागे टाकलं.

भीती गेली का, असं मी नंतर विचारलं. नाही म्हणाले. अजूनही तलावात शिरताना आकडा पाच-सहा असतोच, फक्त उतरतो हे आता माहीत झालंय. पुढच्या हिवाळ्यात ऑलिम्पिक अंतर करायचा बेत आहे, म्हणजे पोहणं दीड किलोमीटर. पत्नीची हरकत नाही. त्यांची अट एवढीच की या वेळी तलावावर त्याही येणार, आणि आकडा काठावरच विचारणार.