तुमचे प्रश्न : पत्रा, गॅलरी, जुनी कौलं आणि एक गोधडी

प्रश्न : ताई, आमची शाळा जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. दोन खोल्या पत्र्याच्या. मार्च लागला की अकरानंतर मुलं वहीने वारा घेत बसतात. गावाने लोकवर्गणी सुरू केली आहे आणि सगळ्यांचं म्हणणं, ‘आता स्लॅबच टाकू.’ तुम्ही मागे आफ्रिकेतल्या एका पत्र्याच्या शाळेचा उल्लेख केला होता. ती गार कशी राहते? आमच्याकडे तसं काही जमेल का?
– एक शिक्षिका

उत्तर : जमण्यासारखं बरंच आहे. स्लॅबचा निर्णय होण्याआधी तुमचं पत्र आलं, याचा मला फार आनंद झाला.

ती शाळा बुर्किना फासोमधल्या गांडो गावातली. बांधणारे दिएबेदो फ्रान्सिस केरे त्याच गावचे. गावात शाळा नव्हती म्हणून लहानपणी त्यांना घर सोडून तेन्कोदोगोला राहावं लागलं. तिथे एका कोंदट, अंधाऱ्या वर्गात शंभराहून जास्त मुलं कोंबलेली असायची. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये वास्तुकला शिकले आणि शिकत असतानाच गावच्या शाळेसाठी पैसे जमवायला लागले. २००१ मध्ये शाळा उभी राहिली, २००४ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे यांना वास्तुकलेतला सर्वांत मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुकार.

मातीची शाळा म्हटल्यावर गावाचा विश्वास बसेना. पहिल्या पावसात वाहून जाईल, हे त्यांचं म्हणणं अनुभवातूनच आलेलं होतं. केरेंनी त्याचं उत्तर बांधकामातूनच दिलं. मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या विटांच्या भिंती केल्या आणि पत्रा भिंतींच्या बराच पुढे काढला, म्हणजे पाऊस भिंतीला झोडपणार नाही. पायासाठी मुलांनी दगड आणले, बायकांनी पाणी वाहिलं. जमीन तर बायकांनी रांगेत बसून तासन्‌तास चोपली आणि दगडाने घोटली. आपल्याकडे चोपण्याने जमीन चोपायचे, अगदी तसंच.

तुमच्या कामाचं म्हणजे छत. तिथे वर्गावर थेट पत्रा नाही. भिंतींवर काँक्रीटच्या तुळया, तुळयांवर आडव्या सळ्या आणि सळ्यांवर त्याच मातीच्या विटा मसाला न लावता नुसत्या रचलेल्या. त्यांच्या फटींतून वर्गातली गरम हवा वर निघून जाते. या माळवदासारख्या छताच्या वर, चांगली मोकळी जागा सोडून, पत्रा उचलून धरला आहे. त्याच्या कैच्या, म्हणजे पत्रा पेलणारे सांगाडे, साध्या बांधकामाच्या सळ्यांच्या आहेत, गावातल्याच माणसांना वेल्डिंग शिकवून केलेल्या. ऊन पत्र्याला तापवतं, पत्रा मधल्या हवेला तापवतो, ती हवा दोन्ही बाजूंनी बाहेर पडते आणि जाताना वर्गातली हवा वर ओढून घेते. पत्र्याची धग मुलांच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही. पंखा नाही, वीज नाही, आणि पत्रा आपल्या बाजारात मिळतो तसलाच.

अंबडच्या बाजूला मे महिन्यात मी अशा वर्गांत उभी राहिले आहे. हात वर केला की पत्र्याला न शिवताही तळहाताला चटका जाणवतो. ही धग मधे अडवली पाहिजे. स्लॅब ती अडवत नाही, उशिरा पोचवतो. सकाळी बरं वाटेल, पण दिवसभर तापलेला स्लॅब दुपारनंतर खोलीत धग सोडायला लागेल आणि तेव्हाही वर्गात मुलं असतीलच. शिवाय तुमच्या जुन्या भिंती आणि पाया ते वजन पेलतील का, हा वेगळाच प्रश्न.

माझा सल्ला असा. असलेला पत्रा काढून, भिंतींवर लोखंडी आधार देऊन तो दोन-अडीच फूट वर घ्या आणि खाली हलकं छत करा. बांबूच्या तट्ट्याचं चालेल. मधली जागा दोन्ही बाजूंनी उघडी राहिलीच पाहिजे. पारवे शिरू नयेत म्हणून जाळी मारा, पण ती बंद करू नका. बंद केलीत तर ती गरम हवेची पेटी होईल. पत्रा वर उचलला की वळवाच्या वाऱ्याची भीती वाढते. त्यामुळे भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा आणि पत्र्याचे आधार त्या पट्ट्यात पक्के गाडलेले हवेत. हे जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय एक खिळाही ठोकू नका. या उन्हाळ्यापुरतं, पत्र्याला बाहेरून ऊन परतवणारा पांढरा रंग लावून घ्या.

पुढे नवी खोली बांधाल तेव्हा मातीच्या दाबविटांचा जरूर विचार करा. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये हे काम शिकवतात, विटा दाबायची हातयंत्रंही तिथे तयार झाली आहेत. फक्त शेतातली काळी माती घेऊ नका. ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. मुरमाड, तांबूस माती हवी.

प्रश्न : पुण्यात आमची १९७४ची सोसायटी आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. आईला जिना चढवत नाही. बिल्डर मागे लागले आहेत. ऑडिटमध्ये इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे असं आलंय, तरी बहुतेक सभासदांना पाडूनच हवी आहे. जुनी इमारत न पाडता मोठी केल्याचं उदाहरण जगात कुठे आहे का?
– एक सभासद

उत्तर : आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. फ्रान्समध्ये बोर्दो शहरातल्या ग्रां पार्क वसाहतीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या तीन इमारती, मिळून ५३० घरं. आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या वास्तुकारांनी फ्रेडरिक ड्रुओ आणि क्रिस्तोफ हुतँ यांच्याबरोबर त्या २०१७ पर्यंत बदलल्या. खिडकीची जुनी भिंत कापली आणि बाहेरून प्रत्येक घराला ३.८ मीटर खोल, म्हणजे जवळपास साडेबारा फुटांची काचेची गॅलरी जोडली. तिचे भाग कारखान्यात तयार होऊन आले. एका घराचं काम साधारण दोन आठवड्यांत आटोपायचं. लोक आपल्याच घरात राहिले. कुणाला सामान बांधून भाड्याच्या खोलीत जावं लागलं नाही. २०१९चा युरोपचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार या कामाला मिळाला आणि २०२१चा प्रित्झ्कर लाकातों-व्हासाल जोडीला.

याच दोघांची आणखी एक गोष्ट सांगते. १९९६ मध्ये त्यांना बोर्दोतला एक छोटा चौक सुशोभित करायला सांगितलं होतं. ते तिथे जाऊन बसले, रहिवाशांशी बोलले आणि त्यांनी कळवलं की चौक सुंदरच आहे, फक्त खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट वरचेवर करा. चित्र काढायला हात शिवशिवत असताना थांबणं किती अवघड असतं, ते या व्यवसायातल्या माणसाला विचारा.

पण बोर्दो आणि तुमची सोसायटी यांत मोठा फरक आहे. तिथल्या इमारती एकाच सार्वजनिक गृहसंस्थेच्या, राहणारे भाडेकरू. निर्णय एकीकडे झाला. तुमच्याकडे जितकी घरं तितके मालक, आणि वाढीव चटईक्षेत्राची गणितं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. शिवाय साडेबारा फूट बाहेर जायला सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, कुठून आणणार? हुबेहूब तसं होणार नाही. तिथली काचेची गॅलरी तर आपल्याकडे करूच नये. ती थंडीत ऊन साठवून घर उबदार ठेवते. आपल्याला नेमकं उलटं हवं. पुण्यात लोक गॅलरी सरकत्या काचांनी बंद करून खोली वाढवतात आणि भिंतीवरची सावली घालवून बसतात. मग त्या खोलीला एसी लागतो.

तुमची खरी अडचण जिना आहे. जिन्याच्या बाहेर, लोखंडी सांगाड्यात लिफ्ट बसवता येते का, ते एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मात्र लिफ्ट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबणार असेल तर आईंना अर्धा जिना चढावाच लागेल, हे आधी विचारून घ्या. ऑडिट कसं झालं तेही पाहा. नुसत्या डोळ्यांनी बघून, की काँक्रीटचे नमुने काढून, सळ्यांचा गंज तपासून? अहवाल पक्का असेल तर दुरुस्ती, लिफ्ट, नवी ड्रेनेज लाइन यांचा एकत्रित अंदाजखर्च काढून सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. बिल्डरच्या प्रस्तावाशेजारी दुसरा कागदच नसेल तर सभासद तुलना करणार कशाशी? आणि नमुने खराब निघाले, तर मात्र जुन्याच्या मायेपोटी थांबू नका. तिथे माणसं राहतात.

प्रश्न : वाईचा आमचा वाडा पडायला आला होता, म्हणून उतरवला. कौलं, विटा, सागवान अंगणात पडून आहे. भंगारवाला उचलायला तयार आहे. नव्या घरात यातलं काही वापरता येईल का, की ते ठिगळ लावल्यासारखं दिसेल?
– एक वाचक

उत्तर : भंगारवाल्याला थांबवा. चीनमध्ये निंगबोचं इतिहास संग्रहालय २००८ मध्ये वास्तुकार वांग शू यांनी बांधलं, ते आसपासच्या पाडलेल्या गावांच्या विटा-कौलांतून. राखी, तांबडे, काळपट थर एकावर एक चढत गेलेले. त्या भागात वादळात पडलेल्या घरांचा माल नव्या भिंतीत रचायची गवंड्यांची जुनी रीत होती, तीच त्यांनी वापरली. कुठला तुकडा कुठे बसेल हे सगळं कागदावर ठरत नाही, बरंचसं गवंड्याच्या हातावर असतं. म्हणून तुमचा गवंडी आधी निवडा, मग भिंत.

विटा एकमेकींवर वाजवून पाहा. खणखणीत वाजते ती ठेवा, बद्द वाजते ती भरावात घाला. जुन्या विटा पाणी फार पितात, त्या बांधण्याआधी चांगल्या भिजवा. वजन घेणाऱ्या भिंतीत त्या नकोत. कुंपण, पडवीची जाळी, अंगणातली बैठक यांत घ्या. सागवान मात्र कुठेही वापरा, फक्त करवतीआधी प्रत्येक खिळा उपसून घ्या. वाड्याचं दार असेल तर त्याच्या मापाने नव्या घराची चौकट ठरवा. दार कापून चौकटीत बसवलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : दुबईत भाड्याच्या घरात राहते. भिंती पांढऱ्याफटक. आजीने शिवलेली गोधडी भिंतीवर लावावी असं वाटतं, पण नवरा म्हणतो गावठी दिसेल.
– एक वाचक

उत्तर : लावा. घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचं ठोकून सपाट करतात, तांब्याच्या तारेने जोडतात आणि त्यांचे भिंतभर पडदे करतात. २०१५ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. त्या पडद्यांना ठरलेला आकार नसतो. चुण्या कुठे पडाव्यात, ते लावणाऱ्याने ठरवायचं. तुमची गोधडीही अशीच सैल सोडा, काचेच्या चौकटीत कोंडू नका. मागच्या बाजूला वरच्या काठाला सुती पट्टीची नळी हाताने शिवा आणि तिच्यातून दांडी घाला, म्हणजे सगळं वजन चार टाचण्यांवर येणार नाही. ऊन थेट पडतं त्या भिंतीवर लावू नका, जुन्या लुगड्यांचे रंग झपाट्याने उडतात.