दोन मिनिटांत कोणाला आठवू?

प्रिय चिनू,
अनेक आशीर्वाद.

काल शाळेतून येताना तू म्हणालास, "आई, अकरा वाजता आम्ही दोन मिनिटं गप्प उभे होतो. मिस म्हणाल्या, युद्धात गेलेल्यांना आठवा. पण मी कोणाला आठवू? आपलं तर कोणीच नव्हतं. आणि आपल्यात असं काही करतात का?"

मी गाडी चालवत होते. "सगळ्यांनाच आठव" म्हणून मोकळी झाले. रात्रभर ते उत्तर मला टोचत राहिलं.

आपले होते रे, खूप होते. तुम्ही ज्याच्या आठवणीत उभे राहिलात ते पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. त्यात सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण कामी आले. आजही त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. त्याच युद्धात इराकमध्ये कुट शहराच्या वेढ्यात मराठा पलटणी महिनोन्महिने अर्धपोटी अडकून पडल्या होत्या. राज्य इंग्रजांचं होतं, आणि घरची चूल पेटती राहावी म्हणून कितीतरी जण भरती झाले होते. म्हणून त्यांचं मरण हलकं होत नाही. मला तर त्यांची आठवण जास्तच काढावीशी वाटते.

पण तुला एक नाव हवंय. यशवंत घाडगे. आपल्या रायगड जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक या हुद्द्यावर. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मशिनगनच्या माऱ्यात त्याच्याबरोबरचे सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. तो एकटा पुढे धावला आणि ती मशिनगन बंद पाडली. तिथेच गोळ्या लागून गेला. वय २२. दादापेक्षा चारच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला 'तो' म्हणतेय. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, त्याच्या माघारी मिळाला. त्याची कबर नाही, फक्त इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे.

आता आपल्यात काय करतात ते. गेल्या ऑगस्टमध्ये आजीच्या गावी देवळाबाहेर तू एका शेवाळलेल्या दगडावर बसलास आणि आजीने तुला हाताला धरून उठवलं, आठवतं? तू रुसला होतास. तो वीरगळ होता, लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तळाशी लढाई कोरलेली असते, बऱ्याचदा गाईही असतात, कारण गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पुष्कळ जण मेले. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेतात. त्याच्या वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसतो. आणि अगदी वर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहो. त्या दगडावरच्या माणसाचं नाव आता गावात कोणालाच माहीत नाही. तरी आजी येता-जाता त्याला फूल वाहते.

पितृपक्षातही शस्त्राने गेलेल्यांसाठी वेगळी तिथी आहे, चतुर्दशी. आजीच्या कालनिर्णयात बघ, 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं लिहिलेलं असतं. मग आजारपणात कोणी गेलेलं असो वा म्हातारपणी, त्यांचा दिवस निराळा. लढाईत गेलेल्यांचा हा. आपल्यात गप्प उभं राहत नाहीत एवढंच. आपण पान वाढतो, पाणी सोडतो, नाव घेतो.

इटलीतल्या मॉन्तोने गावात २०२३ मध्ये यशवंतच्या नावाने स्मारक झालं, आणि ते सूर्यघड्याळ आहे. ते वाचलं तेव्हा मला वीरगळावरचा सूर्य आठवला.

तर रविवारी चौकातल्या युद्धस्मारकापाशी जाऊ तेव्हा त्या दोन मिनिटांत मनात त्याचं नाव घे. शेजारच्या मुलाच्या पणजोबांचंही घे. मिसनी विचारलं तर 'घाडगे' नीट म्हणून दाखव. त्यांना 'घ' जमायला वेळ लागेल, थांब त्यांच्यासाठी.

युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी तुझ्या कोटावर लावलेल्या लाल पॉपीच्या फुलाची टाचणी सैल झाली होती, ती नीट लावून कोट दाराशी टांगलाय.

तुझी,
आई