वीस तारीख, गणपती आणि तुमचा लॅपटॉप

"मावशी, दादरला माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. पाच जणांचा स्टाफ, साठेक क्लायंट. प्रत्येक रिटर्न मी स्वतः बघतो, प्रत्येक मेलची कॉपी मला लागते. मागे मी एका मुलावर काम सोडलं आणि क्लायंटला नोटीस आली, तेव्हापासून मी हे सुरू केलं. रात्री मी तपासायला बसतो तर रोज काही ना काही सापडतंच, म्हणजे माझी भीती खरीच ना? गेल्या महिन्यात सगळ्यात हुशार मुलगी सोडून गेली. ती बदलापूरहून यायची, गाडीत असताना मी फोन करायचो याचाही तिला राग होता. जाताना म्हणाली, 'सर, इथे मला डोकं वापरावंच लागत नाही.' आता जीएसटी रिटर्नची वीस तारीख नेमकी गणपतीत आली आहे, आणि बायको म्हणते, गावी लॅपटॉप आणलास तर मी माहेरी जाईन. लोकांवर विश्वास ठेवायचा तरी कसा?"
— एक मालक, दादर

अहो मालक,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले होते, त्यात 'मी' किती वेळा येतो ते मोजायला. चहा गार व्हायला लागला तेव्हा नाद सोडला.

हसू नका, मीही तुमच्यातलीच. एकतीस वर्षं बँकेत काढली. नवी नवी ऑफिसर झाले तेव्हा गिरगावातल्या एका शाखेत कॅशवर एक काका होते. बावीस वर्षं नोटा मोजत होते, एक रुपयाचा फरक नाही. तरी संध्याकाळी त्यांनी बांधलेल्या गड्ड्या मी सोडायची, ओल्या स्पंजावर बोट टेकवायची आणि पुन्हा मोजायची. त्यांच्यासमोर. काका काही बोलायचे नाहीत, नुसते चष्मा पुसत बसायचे. पंधरवडा गेला असेल. एका संध्याकाळी शंभराच्या एका गड्डीत नव्व्याण्णव नोटा निघाल्या. मी गड्डी त्यांच्यापुढे धरली. "काका, मोजलं नाहीत?" काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही मोजता ना."

त्या दिवशी मी चर्नी रोडला गाडी पकडली ती अगदी विजयी मुद्रेनं. पकडली की नाही चूक! ती चूक मीच पंधरा दिवस खपून तयार केली होती, हे कळायला बरीच वर्षं गेली.

तुमच्या ऑफिसात रात्री सापडतं ते हेच. आपल्यानंतर साहेब बघणारच आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो आकडा दुसऱ्यांदा कशाला बघेल? त्यात तुम्ही चूक परत देत नाही, स्वतःच दुरुस्त करून मोकळे होता (पत्रात हे लिहिलेलं नाही, पण पैज लावते). म्हणजे ज्याची चूक, त्याला ती सकाळी कळतसुद्धा नाही. त्या मुलीनं जाताना एका वाक्यात तुमच्या ऑफिसचं ऑडिट करून दिलं आणि फीसुद्धा घेतली नाही.

विश्वास कसा ठेवायचा ते मात्र मला विचारू नका. बँकेत तो कोणी ठेवत नाही. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे, एकटा कोणी उघडू शकत नाही. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं पास करायची. कोणी किती रकमेपर्यंत पास करायचं तेही ठरलेलं. वर कधीतरी न सांगता कॅशची तपासणी. एवढ्या संशयावर उभी असलेली जागा, तरी मॅनेजर दिवसभर कॅशियरच्या मानेवर श्वास टाकत उभा नसतो, कारण कुठे बघायचं ते आधी ठरलेलं असतं. तुमच्याकडे ते ठरलेलं नाही, म्हणून तुम्ही सगळीकडे बघता.

तर ते ठरवा. जीएसटी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण माझ्या भाच्याच्या कृपेनं एवढं मलाही ठाऊक आहे: अकरा तारखेच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या यादीत, एखादं बिल चुकलं तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येतं. वीस तारखेचा ३बी, म्हणजे महिन्याचा गोषवारा देऊन कर भरायचा रिटर्न, एकदा भरला की त्यात हात घालता येत नाही. मग दोन्हींना सारखंच जागरण कशासाठी? जीएसटीआर-१ स्टाफवर सोडून द्या, पूर्ण. एकानं भरायचा, शेजारच्यानं बघायचा, तुमच्या टेबलावर यायचाच नाही. ३बी मध्ये साठ क्लायंटपैकी गुंतागुंतीचे असे आठ-दहाच असतील. मोठी उलाढाल, नवीन आलेले, किंवा ज्यांनी मागितलेलं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) २बीशी, म्हणजे विक्रेत्यांच्या बिलांवरून पोर्टलनं काढलेल्या यादीशी, जुळत नाही असे. तेवढेच तुमचे. बाकीच्यांतले महिन्याला दोन-तीन न सांगता उघडून बघा, भरून झाल्यावर. चूक दिसली तर पेन्सिलीनं खूण करा आणि परत द्या. दुरुस्त करण्यासाठी बोटं शिवशिवतील, तेव्हा हात टेबलाखाली ठेवा.

मेलच्या कॉप्या उद्यापासून बंद. क्लायंट ओरडला तर तुम्हाला आपोआप कळेल. आणि बदलापूरच्या गाडीत एका पायावर उभ्या असलेल्या मुलीला "शीट पाठवली का?" विचारणारे फोन बंद करा. ती पाठवू शकत नाही, फोन काढूही शकत नाही. तुमचा जीव शांत करायला तिनं तिचा जीव टांगायचा, हा कुठला हिशोब?

त्या नोटिशीबद्दल थोडं. पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. क्लायंट तुम्हाला सोडून गेला असता तर ते पत्राच्या पहिल्या ओळीत आलं असतं. म्हणजे उत्तर दिलंत, थोडंफार व्याज भरलं गेलं आणि तो अजून तुमच्याकडेच आहे, खरं की नाही? आणि तो मुलगा? त्याला काम सोपवलंत तेव्हा कुठे अडला तर विचारायचं, हे सांगितलं होतंत का, की पाण्यात ढकललंत आणि बुडाला म्हणून पोहणंच बंद केलंत?

यापुढेही चुका होतील. एखादा ३बी एक दिवस उशिरा जाईल, पन्नास रुपये लेट फी आणि वर व्याज लागेल. ते तुम्ही भरा आणि ओरडू नका. सोडून गेलेल्या मुलीच्या जागी नवीन कोणाला तयार करायचा खर्च त्याच्याशी एकदा ताडून बघा.

आता गणपती. रिझर्व्ह बँकेनं बँकांना नियमच घालून दिलाय, नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीची रजा, तीही आधी न सांगता. हेतू घोटाळे पकडायचा, पण रजेवर गेलेल्याच्या टेबलाचे सगळे खण त्यात उघडे पडतात. काय फक्त त्याच्या डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतंच, ते दहा दिवसांत कळतं. तुम्हाला ही रजा बाप्पानं दिलीय असं समजा. सगळे पासवर्ड, कोणत्या क्लायंटला ओटीपीसाठी कधी फोन करायचा, कोण दुपारी झोपतो आणि कोण फक्त मुलाच्या नंबरवर सापडतो, हे जायच्या आधी वहीत उतरवा. तुमचे ते आठ-दहा शक्य तितके उरकून निघा. उरलेल्यांचं एकेक पान व्हॉट्सअॅपवर मागवा. पाचांमधला जो जुना आहे त्याला बाकीच्यांसमोर सांगा की वीस तारखेपर्यंत शेवटचा शब्द त्याचा. नंतर तो शब्द फिरवू नका.

लॅपटॉप दादरलाच राहू दे. वीस तारखेला संध्याकाळी, आरती झाल्यावर, रेंज मिळेल तिथे जाऊन एकच फोन करा. "भरलं का?" एवढंच विचारा. "कसं भरलं?" हा प्रश्न आला तर वहिनींना फोन काढून घ्यायला सांगून ठेवा.

— मावशी