वाचकांचे प्रश्न : दुःखात गाणे शोभते का?

प्रश्न : माझे यजमान गिरणीत कामाला होते आणि लालबागच्या आमच्या चाळीतल्या भजनात टाळ धरत असत. १९८२ च्या संपात घरात पीठ नसायचे, तरी त्यांचे गुरुवारचे भजन चुकले नाही. गेल्या वर्षी ते गेले. आता चाळीच्या जागी टॉवर झाला आहे. तिथल्या काही बायका गुरुवारी एकत्र बसून अभंग म्हणतात आणि मलाही बोलावतात. पण पहिल्याच ओळीला माझा कंठ दाटून येतो. अशा वेळी गाणे शोभते का, आणि त्याने खरेच काही होते का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, शोभते का, याचे उत्तर आपल्या रीतीतच आहे. वारकऱ्यांची अंत्ययात्रा टाळ-मृदंगाच्या साथीने निघते आणि बाराव्या-तेराव्याला भजन ठेवणारी घरे मुंबईत आजही पुष्कळ आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे. दुःखात श्वास आखूड होतो. चरण म्हणताना तो सावकाश सोडावा लागतो आणि त्यामुळे हृदयाची गती मंदावते. शिवाय सगळे एकाच ठिकाणी श्वास घेत असल्याने एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही एका लयीत चढतात-उतरतात, असे स्वीडनमधील संशोधकांना २०१३ मध्ये दिसून आले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती आपल्या भजनाची बांधणी. बुवा चरण म्हणतात आणि मागचे तो उचलतात. एकट्याने गाताना कंठ दाटला की गाणे थांबते. इथे तुमचा आवाज अर्ध्यावर तुटला तरी शेजारणीच्या आवाजात ओळ पुढे जाते, आणि पुढच्या चरणाला तुम्हाला परत येता येते. तिथे रडू आले तर कोणाला त्याचे कारण सांगावे लागत नाही.

गिरणगावाला हे ठाऊक होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि गावाकडचे भजनच त्यांना इथे आपली माणसे मिळवून देत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या शाहिरीने याच वस्त्यांना उभे केले. मात्र गाण्याने चूल पेटत नाही, हेही खरे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांतील असंख्यांची नोकरी कायमची गेली. त्या दिवसांत तुमचे यजमान दर गुरुवारी टाळ घेऊन का जात होते, हे माझ्यापेक्षा तुम्हीच अधिक जाणता.

म्हणून तुम्ही जावे, असे मला मनापासून वाटते. पहिल्या गुरुवारी गायचे नाही, नुसते बसायचे, असे ठरवा. मोकळ्या आवाजाच्या बाईशेजारी जागा घ्या. पट्टी उंच वाटली तर खालची घ्यायला निःसंकोच सांगा. अभंग जड गेला तर गजरापासून सुरुवात करा, कारण तिथे शब्द थोडे असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. मात्र झोप आणि अन्न दोन्ही तुटली असतील, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर गुरुवारची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

यजमानांचे टाळ अजून घरात असतील, तर सोबत न्या. वापरात नसल्याने त्यांची दोरी कुजली असेल; निघण्याआधी ती बदलून घ्या.