आठ कोटी डॉलर हाताशी असताना फुटबॉल संघाने मार्चमध्ये काय घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण ज्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) संघाचे चाहते आहात त्याने गेल्या हंगामात सतरापैकी चारच सामने जिंकले, आता सॅलरी कॅपखाली (खेळाडूंवरील खर्चाच्या कमाल मर्यादेखाली) त्याच्याकडे सुमारे ८ कोटी डॉलर शिल्लक आहेत, तर मार्चमध्ये फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) सुरू होताच सर्वांत नामांकित चार-पाच खेळाडू घेऊन त्याने एका फटक्यात संघ का उभा करू नये? मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि तिथल्या ईगल्स संघाचे सामने अनेक वर्षांपासून मनापासून पाहत आलो आहे. आपण सुचवता तो प्रयोग या संघाने २०११ मध्ये करून पाहिला आणि तो फसला. पुढे २०२४ च्या हंगामात याच संघाने बाजारातून घेतलेल्या खेळाडूंच्या जोरावर सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. त्यामुळे उत्तर देताना ही दोन वर्षे मला सोडता येणार नाहीत.

आधी व्यवस्था कशी आहे ते सांगतो. चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू करार संपला की कोणत्याही संघाकडे जाऊ शकतो. ही पद्धत आजच्या रूपात १९९३ पासून आहे आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या खर्चावर कॅप आहे. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, तसेच हे आहे असे अनेकांना वाटते. परंतु एक मोठा फरक आहे. लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे खेळाडू जातो, येथे मात्र खेळाडू स्वतः संघ निवडतो. त्यामुळे चार सामने जिंकलेल्या संघाला त्याच खेळाडूसाठी विजेत्या संघापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात.

दुसरी गोष्ट अशी की, बाजारात जे येतात ते लीगमधले सर्वोत्तम खेळाडू क्वचितच असतात. सर्वोत्तम खेळाडूंचे करार त्यांचे संघ मुदतीच्या आधीच वाढवतात, आणि ते जमले नाही तर फ्रँचायझी टॅग लावून त्यांना आणखी एक वर्ष रोखून धरतात. म्हणजे ज्या प्रशिक्षकांनी एखाद्याला चार वर्षे रोजच्या सरावात पाहिले, ज्या डॉक्टरांनी त्याचे गुडघे तपासले, त्यांनीच या किमतीला त्याला जाऊ दिलेले असते. कधी ते पैशांच्या अडचणीमुळे घडते, कधी त्यांची चूकही असते. पण खरेदी करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की याला त्यांनी का सोडले.

आता २०११ कडे वळतो. त्या वर्षी लीग आणि खेळाडूंच्या वादामुळे बाजार थेट जुलैअखेर उघडला आणि ईगल्सने काही दिवसांतच नावांचा ढीग लावला. त्यांपैकी सर्वांत मोठे नाव कॉर्नरबॅक (समोरच्या पास झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) नाम्दी असोमुघा याचे होते. करार पाच वर्षांचा, ६ कोटी डॉलरचा. राखीव क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळून पास टाकणारा खेळाडू) व्हिन्स यंग याने पत्रकारांसमोर या संघाला ‘ड्रीम टीम’ म्हटले आणि ते शब्द वर्षभर सर्वांच्या तोंडी राहिले. संघ पहिल्या बारापैकी आठ सामने हरला आणि शेवटी ८ विजय, ८ पराभव अशा हिशोबावर थांबला. असोमुघा वाईट खेळाडू मुळीच नव्हता. ओकलंडमध्ये तो मैदानाच्या एका बाजूला उभा राहून समोरच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) असा चिकटून राहत असे की क्वार्टरबॅक त्या दिशेला चेंडूच टाकत नसत. फिलाडेल्फियात त्याला एका खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग (झोन) सांभाळायला लावले, जागा बदलत ठेवले, आणि बचावाची सूत्रे त्याच वर्षी अशा प्रशिक्षकाकडे दिली होती जो आदल्या हंगामापर्यंत आक्रमक फळीचा प्रशिक्षक होता. संघाने पैसे एका कामासाठी मोजले आणि करून घेतले दुसरेच. २०१३ च्या मार्चमध्ये त्याला मुक्त करण्यात आले.

त्याच उन्हाळ्यात, त्याच गर्दीत घेतलेला जेसन बेबिन मात्र यशस्वी ठरला. तो बचावफळीच्या टोकाला खेळत असे. टेनेसीत ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने आदल्या वर्षी उत्तम खेळ केला होता, तोच प्रशिक्षक २०११ मध्ये ईगल्सकडे आला होता आणि बेबिनला तेच काम त्याच पद्धतीने करायचे होते. त्याने त्या हंगामात १८ सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला १८ वेळा पाडले. तो हंगाम मी एकेक सामना करून पाहिला आहे, आणि माझे मत तेथून बनत गेले: बाजारात खेळाडू विकत घेताना आपण खरे म्हणजे एक विशिष्ट काम विकत घेत असतो. तो जे काम आधीपासून करतो आहे तेच आपल्याकडेही करणार असेल, तर भरपूर पैसे मोजायला हरकत नाही. त्याच्याकडून नवे काम करून घ्यायचे असेल, तर तोही प्रयोग जरूर करावा, पण तो स्वस्तात करावा.

२०२४ च्या मार्चमधील ईगल्सचे तीन करार शेजारी ठेवून पाहा. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सॅक्वॉन बार्कली याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले. सत्ताविशीतल्या रनिंग बॅकवर एवढा खर्च करू नये असे मीही तेव्हा म्हणत होतो, कारण या जागेवरचे खेळाडू लवकर झिजतात. माझे चुकले ते असे की मी त्याचे वय पाहिले, पण त्याच्या पुढे कोण उभे आहे हे पुरेसे पाहिले नाही. न्यूयॉर्क जायंट्सकडे २०२३ मध्ये तो कमकुवत ऑफेन्सिव्ह लाइनच्या (धावणाऱ्याला वाट करून देणाऱ्या, क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीच्या) मागून धावत होता आणि १४ सामन्यांत ९६२ यार्ड धावला होता. फिलाडेल्फियात जॉर्डन मायलाटा, लँडन डिकरसन, कॅम जर्गेन्स आणि लेन जॉन्सन हे या फळीतले चौघेही संघाने ड्राफ्टमधून (नव्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) आणून स्वतः घडवलेले होते. बार्कलीला काम तेच करायचे होते, फक्त समोरची वाट मोकळी होती. १६ सामन्यांत तो २,००५ यार्ड धावला. १९८४ पासून उभा असलेला एरिक डिकरसनचा एका हंगामाचा विक्रम बरोबर १०० यार्डांनी हुकला, कारण शेवटच्या सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला विश्रांती दिली.

दुसरा करार लाइनबॅकर (बचावातील पुढच्या फळीच्या मागे खेळणारा) झॅक बॉन याचा: एक वर्ष, ३५ लाख डॉलर. न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षे तो मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये (किकच्या डावांत उतरणाऱ्या तुकडीत) आणि अधूनमधून टोकाला खेळत असे. बचावप्रमुख विक फँजिओ यांनी त्याला मधल्या जागेवर आणले, त्याची वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-प्रो संघात पहिल्या फळीत निवड झाली आणि सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा पासही अडवून पकडला. तिसरा करार ब्राइस हफ याचा: तीन वर्षे, सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर. जेट्सकडे तो ठरावीक डावांतच मैदानात येऊन क्वार्टरबॅकवर तुटून पडत असे आणि त्यात तो पटाईत होता. ईगल्सने त्याला पूर्णवेळ खेळवायचे ठरवले. ते जमले नाही, मनगटाच्या दुखापतीने अडचण वाढवली, आणि सुपर बोलच्या दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता. बॉन आणि हफ या दोघांनाही नवे काम दिले होते. पहिला प्रयोग फसला असता तर कोणाच्या लक्षातही राहिला नसता, दुसरा फसला आणि महाग पडला. पुढच्या मार्चमध्ये संघाने बॉनला नवा करार दिला, तोही तीन वर्षांचा आणि जवळपास हफच्या कराराइतक्याच रकमेचा. परंतु तोपर्यंत त्याने ते काम पूर्ण हंगामभर करून दाखवले होते.

कराराच्या मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नये, म्हणून एक उदाहरण मांडतो. समजा चार वर्षांचा, ६ कोटी डॉलरचा करार आहे. त्यातले २ कोटी साइनिंग बोनस म्हणून लगेच दिले आणि पगार अनुक्रमे २० लाख, ८० लाख, १ कोटी २० लाख आणि १ कोटी ८० लाख ठेवला. बोनस रोख गेला तरी कॅपच्या हिशोबात तो चार वर्षांत सारखा वाटला जातो (अशी वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत करता येते), म्हणून पहिल्या वर्षी या खेळाडूचा भार केवळ ७० लाख दिसतो आणि चौथ्या वर्षी २ कोटी ३० लाख. दोन वर्षांनी त्याला काढले तर वाटायचा उरलेला १ कोटीचा बोनस एकदम अंगावर येतो. यालाच ‘डेड मनी’ म्हणतात. खेळाडू गेलेला असतो, त्याचा भार मात्र राहतो. डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला २०२४ मध्ये सोडले तेव्हा असा सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा भार दोन हंगामांत विभागून सोसला. म्हणून करार पाहताना एकूण रकमेपेक्षा हमीची रक्कम किती आणि संघाला कोणत्या वर्षी फारसे नुकसान न होता बाहेर पडता येते, एवढेच आधी पाहावे. हमी दोन वर्षांपलीकडे देण्यास मी फारच थोड्या जागांसाठी तयार होईन.

आपल्या खेळाडूंचा प्रश्न तर बाजाराच्याही आधी येतो. ईगल्सने २०२४ च्या वसंतात बार्कलीला घेतानाच आपल्याच लँडन डिकरसन, मायलाटा, डेव्होंटा स्मिथ आणि ए. जे. ब्राउन यांचे करार वाढवले, त्याची चर्चा कमी झाली; पण ज्यांची तब्येत, स्वभाव आणि सवयी आपल्याला ठाऊक आहेत त्यांच्यावर खर्च केलेला पैसा सर्वांत सुरक्षित असतो. सर्वांना ठेवता येत नाही, हेही खरे. सुपर बोलमध्ये दोन सॅक करणारा मिल्टन विल्यम्स महिन्याभरात १० कोटी ४० लाखांच्या करारावर न्यू इंग्लंडला गेला आणि अडीच सॅक करणारा जॉश स्वेट ॲरिझोनाला. चाहता म्हणून मला ते फार लागले. तरीही दोन्ही बाजूंचा निर्णय मला योग्यच वाटला: न्यू इंग्लंडकडे ड्राफ्टमधून आलेला, स्वस्त करारावरचा तरुण क्वार्टरबॅक होता आणि कॅपमध्ये भरपूर जागा होती, तर फिलाडेल्फियाला घरचेच मोठे करार सांभाळायचे होते. शिवाय असे खेळाडू गेले आणि त्या तोडीचे बाहेरून घेतले नाहीत, तर लीग पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीतल्या भरपाईच्या निवडी देते. दुसऱ्या संघाने करार संपण्यापूर्वीच काढून टाकलेला खेळाडू घेतला तर तो या हिशोबात धरला जात नाही, म्हणून दोन सारख्या खेळाडूंपैकी तसा मिळत असेल तर मी त्यालाच पसंती देईन.

तर आपल्या संघाने त्या ८ कोटींचे काय करावे? प्रथम, ते सगळे याच वर्षी संपवण्याची घाई नाही; उरलेली जागा पुढच्या वर्षात नेता येते. क्वार्टरबॅक तरुण असेल तर सर्वांत मोठा एक करार मी ऑफेन्सिव्ह लाइनवर करीन. कॅन्सस सिटी २०२१ च्या फेब्रुवारीत सुपर बोल ३१-९ असा हरली, तेव्हा दुखापतींनी विस्कळीत झालेल्या फळीमागे माहोम्स अक्षरशः जीव वाचवत पळत होता. पुढच्याच महिन्यात त्यांनी याच फळीत खेळणारा गार्ड जो थ्यूनी याला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर दिले. त्याने न्यू इंग्लंडच्या पाच हंगामांत नियमित हंगामातला एकही सामना चुकवला नव्हता, त्याला तेच काम करायचे होते, आणि तो असताना संघाने दोन सुपर बोल जिंकले. उरलेल्या रिकाम्या जागांसाठी वॉशिंग्टनने २०२४ मध्ये केले तसे करावे: बॉबी वॅग्नर, झॅक अर्ट्झ यांच्यासारखे अनुभवी खेळाडू एका वर्षाच्या करारावर आणले, क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला ड्राफ्टमध्ये घेतले, आणि आदल्या वर्षी चार सामने जिंकलेला तो संघ बारा सामने जिंकून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी आधीपर्यंत, गेला.

आणि दोन-तीन कोटी मी मे महिन्यासाठी राखून ठेवीन. ड्राफ्ट आटोपला की संघाच्या कोणत्या जागा खरोखर रिकाम्या राहिल्या हे स्पष्ट होते, त्यानंतर लवकरच येणाऱ्या एका मुदतीनंतर घेतलेले खेळाडू भरपाईच्या निवडींच्या हिशोबात धरले जात नाहीत, आणि मार्चमध्ये तीन वर्षांची हमी मागणारा तिशीतला कॉर्नरबॅक तेव्हा एका वर्षाच्या करारावर बोलायला तयार असतो.