फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

“ताई, हा रात्र रात्र झोपत नाही,” मुलाला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आलेल्या आई म्हणाल्या. मुलगा २४ वर्षांचा, इथे अमेरिकेत, व्हर्जिनियातच वाढलेला. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरी ठरलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आई बाहेर गेल्यावर तो बोलला. कॉलेजात गांजा ओढायचा, सोडून दोन वर्षं झालेली. नोकरीला लागणाऱ्या सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गोपनीय सरकारी कामाच्या परवानगीच्या) एसएफ-८६ फॉर्मवर गेल्या सात वर्षांतल्या नशेबद्दल विचारतात. तिथे त्याने ‘नाही’ लिहून फॉर्म पाठवला होता. बाबा म्हणाले होते, “कोण बघायला येतंय? आणि इथे तर आता कायदेशीर आहे.”

कायदेशीर आहे ते राज्यात. केंद्राच्या कायद्यात नाही, आणि क्लिअरन्स केंद्राचा. बघायलाही येतात. तपास अधिकारी शेजाऱ्यांना, मित्रांना भेटतात. याने फॉर्मवर रूममेटचं नाव दिलं होतं, ज्याच्यासोबत ओढायचा त्याचंच!

जुना गांजा नडेल का, हे मला बरीच मुलं विचारतात. क्लिअरन्सच्या २०१७ पासूनच्या नियमावलीत माणूस सगळ्या बाजूंनी बघतात: किती वेळा, किती जुनं, आता सोडलंय का, पुन्हा करणार नाही असं लिहून देतो का. जुन्या गांजामुळेच नकार ठरतो असं नाही. जाणूनबुजून लपवणं मात्र वेगळा, जास्त जड मुद्दा. खोटी माहिती देणं हा केंद्रीय गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. पण पकडले जाण्याआधी स्वतःहून, लगेच चूक दुरुस्त केली, तर तेही जमेस धरतात.

मी वकील नाही. या कामातल्या वकिलाकडे त्याला त्याच आठवड्यात पाठवलं. “तुमच्याकडे आलो हेही नडेल?” त्याने विचारलं. नाही. केवळ समुपदेशन घेतलं म्हणून विरोधात निष्कर्ष काढायचा नाही, असं नियमावलीच सांगते.

पुढच्या वेळी बाबांना बोलावलं. ते बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं, बाबा. तुम्हीच म्हणालात, ‘नाही’ लिही.”

माझ्या मते खरी गाठ तिथे होती. मुलाला सरकारपेक्षा वडिलांचं मन मोडायची भीती जास्त होती. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “चूक माझी. खरं काय ते सांगून टाक.”

मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. निर्णय अजून आलेला नाही. रात्री झोपतो, असं आई सांगतात.