स्वतःची पाठ न थोपटता ऑनलाइन कसं दिसावं?

प्रश्न : प्रयोगशाळांमधले बॅलन्स (नाजूक तराजू), पिपेट (द्रव मोजून घ्यायच्या नळ्या), ओव्हन यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती उपकरणं बरोबर आकडा दाखवतात का हे तपासणं, हा माझा व्यवसाय. बरीच वर्षं नोकरी केली, आता स्वतंत्र काम करतो. जुने ग्राहक सोडून जात नाहीत, पण नवे येतात ते कुणीतरी शब्द टाकला तरच. सगळे सांगतात, लिंक्डइनवर ‘पर्सनल ब्रँड’ उभा कर. माझ्या निम्माही अनुभव नसलेली मंडळी तिथे रोज स्वतःची पाठ थोपटताना दिसतात. मला ते जमत नाही, खरं तर लाज वाटते. शिवाय बॅलन्सवर लिहिलेलं वाचणार कोण?

उत्तर : लाज वाटते ना? राहू द्या ती. तिच्यामुळे तुम्ही बऱ्याच फालतू पोस्टींपासून वाचाल.

मी वर्षानुवर्षं माणसं निवडण्याच्या खुर्चीत बसले आहे. ‘पॅशनेट’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’, ‘थॉट लीडर’ असले शब्द दिसले की माझी नजर आपोआप पुढे सरकायची. थांबायची ती एखाद्या खऱ्या कामाच्या खुणेपाशी. एकदा आम्हाला जुना डेटा नव्या प्रणालीत हलवायला माणूस हवा होता. आलेल्या नावांपैकी एकाला ऑनलाइन जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. पण त्यानं एक टिपण लिहून ठेवलं होतं : तारखांच्या रकान्यात दिवस आणि महिना कसे अदलाबदल होतात, बारा तारखेपर्यंत ती चूक कशी लपून राहते आणि तेरा तारखेला कशी उघडी पडते. ते वाचून आम्ही त्यालाच फोन केला. त्या टिपणात स्वतःविषयी एक ओळ नव्हती.

तर तुमचं वाचणार कोण? सगळे नाहीच. उद्या ऑडिट आहे, रीडिंग एका जागी ठरत नाहीये आणि आज काहीतरी करायलाच हवं, अशा माणसासाठी लिहा. तो सर्चमध्ये तुमचं नाव टाकणार नाही, त्याची अडचण टाकेल. म्हणून मथळाही अडचणीचाच द्या. ‘अचूकतेचं महत्त्व’ नको. ‘नमुना गरम असेल तर बॅलन्स वजन कमी का दाखवतो’ असा हवा. आत नेहमीच्या बोलीत सांगा : काय दिसत होतं, आधी कशावर संशय गेला, कसं तपासलं, काय निघालं. गरम भांड्याभोवती हवा वर चढते आणि वजन हलकं भासतं. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या डबीवर साचलेल्या स्थिर विजेमुळे आकडा सरकत राहतो. पॅनच्या कोपऱ्यावर आणि मधोमध तेच वजन ठेवून पाहिलं की वेगळाच दोष सापडतो. तुम्हाला हे रोजचं वाटतं म्हणून ते लिहिण्यासारखं वाटत नाही, एवढंच! शेवटी ‘हा उपाय कुठे लागू पडत नाही’ हे जरूर लिहा. माझा विश्वास बसायचा तो बहुतेक वेळा याच ओळीवर.

फोटो टाकताना उपकरणावरचा सीरियल नंबर, मागच्या भिंतीवरचा फलक आणि सर्टिफिकेटवरचं ग्राहकाचं नाव झाकलंय ना, ते पाहा. तुमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. नाव गाळूनही प्रयोगशाळा कोणती ते कळत असेल, तर लेखी परवानगी घ्या किंवा तो किस्सा सोडून द्या. इथे मी अजिबात सवलत देत नाही.

ही टिपणं ठेवायची कुठे? स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेऊन साध्या वेबसाइटवर. लिंक्डइनवर त्यातला एक परिच्छेद आणि लिंक द्या. ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथे मांडलेले संसार तिथेच राहिले. परक्याच्या ओसरीवर दुकान मांडावं, पण माल घरात ठेवावा.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तिची फक्त सुरुवात दिसते. म्हणून ‘प्रयोगशाळेतील बॅलन्स व पिपेटचं कॅलिब्रेशन’ हे शब्द आधी, बाकी सगळं नंतर. रोज पोस्ट टाका हा सल्ला मला पटत नाही. महिन्याला एक नेमकं टिपण पुरे.

ओळखीवर काम मिळतं याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की नव्या संधीची खबर बरेचदा जिवलगांकडून नाही, तर दूरच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतही नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी पडल्या त्या ना अगदी घट्ट, ना अगदीच विरळ अशा ओळखी. अभ्यास नोकऱ्यांचा होता, ग्राहकांचा नव्हे. तरी तुमच्या जुन्या नोकरीतले सहकारी, जे आता कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत आहेत, त्यांना आधी जोडून घ्या. त्यांच्यापैकी कुणी प्रश्न विचारला तर त्याखाली नीट उत्तर लिहा. ते उत्तर त्यांच्या ओळखीच्यांनाही दिसतं.

प्रश्न : माझे काही शोधनिबंध लग्नाआधीच्या नावानं आहेत, काही नंतरच्या, रोमन लिपीतलं आडनावाचं स्पेलिंगही दोन तऱ्हांचं आहे. शोधणाऱ्याला दोन वेगळ्या बायका दिसतात!

उत्तर : ऑर्किड (ORCID) क्रमांक काढा. २०१२ पासून संशोधकांना १६ अंकी ओळख देणारी ही सेवा आहे, पैसे लागत नाहीत, आणि नावाची सगळी रूपं एकाच नोंदीत लिहिता येतात. जुने निबंध तिथे स्वतः जोडा. यापुढे एकच रूप ठरवा आणि ईमेलपासून व्याख्यानाच्या पत्रिकेपर्यंत तेच वापरा. कोणतं निवडायचं हे घरच्यांना विचारू नका. ज्या नावावर जास्त काम आहे ते ठेवा. लिंक्डइनवर आधीचं नाव नोंदवायची सोय आहे, ती वापरा.

प्रश्न : एआयकडून पोस्ट लिहून घेतल्या तर चालेल का? आणि फॉलोअर्स विकत घ्यावेत का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी : नाही. विकत घेतलेल्या गर्दीतलं कुणी काम देत नाही. एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्या, लांबलेलं वाक्य तोडून घ्या. पण पोस्टवरचं तुमचं नाव काढून व्यवसायातल्या दुसऱ्या कुणाचं टाकलं आणि तरी ती तितकीच खरी वाटली, तर ती टाकू नका. खाली कुणी जाणकारानं ‘हे तुम्ही कोणत्या परिस्थितीत पाहिलंत?’ असं विचारलं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार आहे, आणि काम द्यायच्या आधी तो फोनवर पुन्हा तेच विचारेल.